पान तीनशे चौऱ्याऐंशीच्या पुढे

पांढुर्ण्यात ब्लाउज वेळेवर शिवून देणाऱ्या चार-पाच जणी तरी होत्या. चंद्रकलाबाई त्यांच्यात नव्हत्या. तरी गिऱ्हाईक त्यांच्याकडेच यायचं, आणि ब्लाउज तयार नाही असं कळलं तरी तोंड वाकडं न करता ओट्यावर फतकल मारून बसायचं, कारण ब्लाउज हा निम्मा बहाणा होता. खरं काम पुस्तकाचं असे.

गाव मध्य प्रदेशातलं. घरात मराठी बोलायची आणि शाळेत, कचेरीत, वाचनालयात हिंदी वाचायची, अशी सगळ्यांची रीत. हिंदीशी कोणाचं भांडण नव्हतं. पण आपल्या भाषेतली गोष्ट वाचावीशी वाटली तर पुस्तक नागपूरहून आणावं लागे, आणि नागपूरला गेलेली बाई आधी साड्या घेई, मग स्टीलचे डबे घेई, आणि पुस्तकाची आठवण तिला परतीच्या बसमध्ये होई. चंद्रकलाबाईंना नागपुरात दोनच दुकानं माहीत होती, एक अस्तर-हुक-बटणांचं आणि दुसरं रद्दीचं. रद्दी त्यांना कागदी नमुने कापायला लागायची. कापता कापता त्या वाचू लागल्या, आणि मग वाचता वाचता कापायचं राहून जाऊ लागलं. १९८५ साली त्यांच्या फळीवर पंचेचाळीस पुस्तकं होती आणि प्रत्येकाला उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलेलं होतं. पुस्तकाचं नाव कोणी घेत नसे. ‘ते हिरवं पॉपलीनवालं द्या’, ‘ठिपक्यांचं वाचून झालं’, असं चालायचं.

पद्धत अशी की ब्लाउजचं कापड आणताना गाठोड्यात वाचून झालेलं पुस्तक आणायचं आणि शिवलेला ब्लाउज नेताना नवं न्यायचं. पुस्तकाला टाचणीने चिठ्ठी लावायची. ‘पहिली पन्नास पानं कंटाळवाणी, दम धरा’ किंवा ‘सासूने वाचू नये’ असलं काहीबाही त्यावर असे. दर गुरुवारी चंद्रकलाबाई पिशवी घेऊन सौसरला नणंदेच्या ओसरीवर बसत, म्हणजे तिकडच्या बायांचीही सोय होई. नवं गिऱ्हाईक आलं की टेप लावून छाती, कंबर, बाही, गळा वहीत उतरवायचा आणि मग पेन्सिल तशीच धरून विचारायचं, “रडकं चालते का?”

या प्रश्नाचा वहीत वेगळा रकाना होता. धान्याच्या व्यापाऱ्याची बायको प्रेमलता, तिच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘रडकं चालते, शेवट गोड पाहिजे’. सावरगावची कमल मुलींच्या शाळेत शिपाई होती. तिच्यापुढे होतं, ‘रडकं नको, भांडण पाहिजे’. चंद्रकलाबाईंच्या हातचा ब्लाउज एखादे वेळी काखेत काचायचा, पण पुस्तक कधी काचलं नाही.

त्या फळीवर एक जांभळ्या खणाचं जाड पुस्तक होतं आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच.

अकरा वर्षांपूर्वी ते रद्दीत आलं. चंद्रकलाबाई तेव्हा घाईत होत्या. कोणाच्या तरी पोरीच्या फ्रॉकच्या बाहीसाठी त्यांना कागद हवा होता. त्यांनी त्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं सरळ कातरली, लेईने चिकटवली, त्यावरून फुग्यांच्या दोन बाह्या कापल्या आणि मोकळ्या झाल्या. तो नमुना आणि तुकडे त्यांचे यजमान सुधाकरराव यांनी सकाळी पाणी तापवायच्या बंबात घातले. सुधाकरराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, कामाला चोख माणूस. कागदाचा कपटा त्यांनी मागे ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रकलाबाई ते पुस्तक सहज चाळायला बसल्या आणि तीन दिवस मशीनला हात लागला नाही. नवऱ्याने चारचौघांत अपमान केलेली एक बाई पेटी उचलून घराबाहेर पडते, परक्या गावात खोली घेते, नोकरी करते, आणि चार वर्षांनी नवऱ्याचं पत्र येतं. पान तीनशे चौऱ्याऐंशीच्या तळाशी छापलं होतं, ‘तिने पाकीट फोडलं, आणि पत्रातली पहिली ओळ वाचताच ती’. पुढे काही नाही. पुढचं बंबात गेलं होतं. नागपूरच्या रद्दीवाल्याकडे त्यांनी किती खेपा घातल्या, पण दुसरी प्रत मिळाली नाही. आपल्याच कात्रीने आपलं नुकसान केल्याचं दुःख वाईट असतं, ते कोणाला सांगताही येत नाही.

पुस्तक इतकं चांगलं होतं की ते लपवून ठेवणं त्यांना जमेना. त्यांनी ते प्रेमलताला दिलं. प्रेमलताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. सासरी तिला उठता-बसता ऐकून घ्यावं लागे. पुस्तक संपवून ती धावत आली, डोळे सुजलेले. “पुढचं कुठं आहे? काय झालं आपल्या बाईचं?” जणू ती बाई तिची सख्खी बहीण. चंद्रकलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, “ते पानं गळाले. पण मी नागपूरले अख्खं वाचलं आहे. नवऱ्यानं माफी मांगतली. मंग तिले जुळे झाले.” प्रेमलता ब्लाउज न घेताच हसत घरी गेली.

एकदा खोटं बोलल्यावर ते निभावणं आलं. कमलला तिच्या नवऱ्याने टाकली होती. तिने पुस्तक वाचलं तेव्हा जुळ्यांचा शेवट तिला देणं चंद्रकलाबाईंना पटेना. मापच वेगळं. कमलच्या शेवटात बाईने पत्र चुलीत घातलं, मुलींची शाळा काढली, आणि नवरा आला तेव्हा त्याला फाटकाबाहेर उभं ठेवलं. सौसरच्या एका नर्सच्या शेवटात ती परदेशी गेली. अकरा वर्षांत नऊ शेवट झाले. घोळ नको म्हणून कोणाला कोणता दिला तेही वहीत टिपलेलं असे.

घोळ झाला तो बसमध्ये. त्या बुधवारी प्रेमलता माहेरी सौसरला निघाली होती आणि कमल भाचीच्या कार्यक्रमाला रामाकोन्याला. दोघी शेजारी बसल्या. प्रेमलताच्या मांडीवर फळीवरचं कुठलं तरी पुस्तक होतं, त्यावरून बोलणं जांभळ्या खणावर आलं.

“जुळे झाले तवा मी तर रडलीच,” प्रेमलता म्हणाली.

“कोणाचे जुळे?” कमल म्हणाली. “तिनं तर शाळा काढली. तो फाटकाबाहेर उभा होता.”

“काहीतरीच काय सांगून राहिली बाई. त्यानं माफी मांगतली.”

“मांगतली असन. तिनं देल्ली नाई.”

बोरगाव येईपर्यंत पेटी उचलण्यापासून पत्र येण्यापर्यंत सगळी गोष्ट उगाळून दोघी इतक्या तापल्या की पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने वळून, ही कोणाची सून आणि तंटा कोर्टात गेला का, अशी चौकशी केली. तेव्हा त्याच्या शेजारच्या बाईने मान वळवली. त्या उर्मिलाबाई, नागपूरच्या. लग्न होऊन सौसरला आल्या होत्या आणि तिथल्या शाळेत शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, “तुमचं ऐकत होते, माफ करा. ते पुस्तक माझ्याकडे आहे, शेवटासकट. तुम्ही म्हणता त्यातलं काहीच त्यात नाही.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार. चंद्रकलाबाई सौसरला उतरल्या तर ओसरीवर प्रेमलता बसलेलीच होती. तिने बसमधला प्रकार सांगितला आणि वर म्हणाली, “रविवारी उर्मिलाबाई पुस्तक घेऊन पांढुर्ण्याले येऊन राहिल्या. सगळ्याइले बोलावलं आहे, तुमच्याच ओट्यावर.” आवाजात राग होता की नाही ते कळेना, आणि न कळलेल्या रागाची धास्ती जास्त असते.

ते तीन दिवस चंद्रकलाबाईंनी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. बाया खोटारडी म्हणणार, हे उघड होतं. पुस्तकं परत करतील आणि पुन्हा गाठोडं घेऊन पायरी चढणार नाहीत. ब्लाउजाचं सोडा, चार-पाच जणी आहेत गावात. पण मग ‘काय वाचू’ म्हणून विचारायला कोण येणार? या भीतीच्या तळाशी आणखी एक लाज वाटावी अशी गोष्ट होती. त्यांना आनंद झाला होता. अकरा वर्षांनी त्या ‘ती’च्या पुढे काय आहे ते कळणार होतं. सुधाकरराव म्हणाले, “ताप आला म्हणून सांग अन् झोपून जा.” चंद्रकलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मालधक्क्यावर रविवारचं काम काढून निघून गेले.

रविवारी दुपारी आठ जणी जमल्या. उर्मिलाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, छान पुठ्ठ्याचं, अख्खं. त्या पान शोधत होत्या तेवढ्यात चंद्रकलाबाई उठून उभ्या राहिल्या.

“थांबा. आधी माह्यं ऐका. ते पानं गळाले नाई. मीच कापले, फ्रॉकच्या बाहीसाठी. मी शेवट कधी वाचलाच नाई. तुम्हाले सांगतले ते सगळे माह्या मनचे.”

मग कमल म्हणाली, “म्हणजे ते शाळा तुम्हीच काढली?”

“हाव.”

“मी त्या शाळेच्या भरवशावर मॅट्रिकचा फॉर्म भरला, चंद्रकलाताई.”

कमल पास झाली होती, तिने पेढेही वाटले होते, पण त्याचा आपल्याशी संबंध असेल असं चंद्रकलाबाईंच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या पदराशी चाळा करत खाली बसल्या. “वाचा आता,” त्या उर्मिलाबाईंना म्हणाल्या.

उर्मिलाबाई वाचू लागल्या. “आणि पत्रातली पहिली ओळ वाचताच ती चक्कर येऊन कोसळली.” पुढच्या पानावर तिला ताप भरला. त्याच्या पुढच्या पानावर तो वाढला. पान तीनशे सत्त्याण्णववर बाई मेली आणि राहिलेल्या तीन पानांत नवऱ्याने फार सुंदर शब्दांत शोक केला.

“मारून टाकली?” चंद्रकलाबाई म्हणाल्या. अकरा वर्षं त्यांनी तिला नऊ घरांत नांदवली होती. त्यांना लिहिणाऱ्याचा संताप आला. एवढी पेटी उचलून निघालेली बाई, तिला जगवायला या माणसाचं काय जात होतं?

“काहूनचा ताप?” कमल म्हणाली. “एवढी धडधाकट होती.”

प्रेमलता भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, “मले ते खरं-खोटं काही माहीत नाई. मले माहे जुळे पाहिजेत.” शेजारची तिच्या जवळ सरकून बसली.

थोड्या वेळाने प्रेमलतानेच डोळे पुसले आणि म्हणाली, “चंद्रकलाबाई, आणा तुमची कात्री. कापा हेही पानं.”

“नाई,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “पुस्तकाले एकदा कात्री लावली तेवढी पुरे.” त्यांनी उर्मिलाबाईंकडे पाहिलं. उर्मिलाबाई हसल्या आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. चंद्रकलाबाईंनी जाड सुईत जांभळा दोरा ओवला, शेवटची सोळा पानं एकत्र धरली आणि कडेने ऐसपैस धावदोरा घातला. शेवटी गाठ मारली, पण पक्की नाही. चिठ्ठीवर लिहिलं, ‘पुढचं ज्याला पाहायचं त्याने उसवावं. नाहीतर ओट्यावर यावं.’

सगळ्यांचा चहा झाला. एकेक जण उठली, जाताना प्रत्येकीने फळीवरून काही ना काही उचललं. उर्मिलाबाई मागे राहिल्या. त्यांनी पिशवीतून मोरपंखी ब्लाउजपीस काढून मशीनवर ठेवला.

“हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून तो शेवट मला सलतोय. माझं माप घ्या. मला काही माहीत नाही असं समजा आणि सांगा, तिचं पुढे काय झालं.”

चंद्रकलाबाईंनी गळ्यातला टेप काढला. छाती, कंबर, बाही, गळा वहीत उतरवला, पेन्सिल तशीच धरली आणि विचारलं, “रडकं चालते का?”