आप्पांचा उजवा पाय

गाडी किती पळते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती थांबते कशी, हे ज्याला विचारावं असा आमच्या भागात एकच माणूस आहे, ब्रेकवाले आप्पा. इंजिनाचं किंवा रंगाचं काम घेऊन कोणी गेलं तर ते लांबूनच हात जोडतात. "पळवणारे शेजारी बसतात. आपण थांबवणारे."

त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जेमतेम दोन गाड्या मावतात. काम संपलं की आप्पा उजव्या पायातली चप्पल काढतात, गाडीत बसतात, डोळे मिटतात आणि अनवाणी पावलाने ब्रेक दाबतात. मग एकच निकाल, "जा" किंवा "राहू दे." "राहू दे" म्हटलं की गिऱ्हाईक कितीही घाईत असो, किल्ली आप्पांच्या खिशात. तीस वर्षं लोकांनी तो निकाल मानला. यंत्र खोटं बोलेल, आप्पांचा पाय नाही, असं रिक्षावालेसुद्धा म्हणत.

आणि गेल्या वर्षभरापासून त्या पायाला काहीच कळत नव्हतं.

हे मला फार उशिरा समजलं, पण आधीच सांगून टाकते. मधुमेहाने त्यांचा तळवा बधिर झाला होता. डॉक्टरांनी तपासायला तळव्यावरून दोरा फिरवला. आप्पा म्हणाले, "हं, लावा आता." दोरा तोवर तीनदा फिरवून झाला होता. घरी आल्यावर नवराबायकोंनी ठरवलं, ही गोष्ट चार भिंतींत ठेवायची. पाय गेला हे गावाला कळलं, की दुकान गेलंच म्हणून समजा.

मग काम चालायचं कसं? त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या जिवावर. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल उशीसारखं मऊ लागतं. ती हवा काढायला दोघं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी एक बारीकसा निपल सैल करून हवा बाहेर सोडायची. आत बसायला पहिल्यापासून काकूच. पेडल घट्ट झालं की त्या निमूट खाली उतरत. मऊ असेल तर म्हणत, "अजून एकदा बघू या का हो?" आप्पा ओळखायचे. एकदा बघून झालं की चप्पल काढायची, डोळे मिटायचे आणि काकूंचाच निकाल स्वतःच्या आवाजात सांगायचा.

त्यात आमची लेक त्यांच्याकडे गाडी घेऊन गेली. वीस वर्षांपूर्वीची निळी सेडान. त्या काळी तिच्या वेगाची कौतुकं मासिकांत छापून येत म्हणे. पगारातून पैसे साठवून लेकीने ती जुनी विकत घेतली तेव्हा आमचे हे मला म्हणाले, "मुलगी उधळली नाही, गाडी घेतली, त्यात समाधान मान." मी मानलं नाही. सोमवारपासून तिला घाटाखालच्या नव्या कारखान्यात कामाला जायचं होतं, रोज चाळीस वळणं उतरून. या गाडीचे जुने ब्रेक उतारावर तापायचे, आणि तापले की पाय दाबूनही गाडी मनासारखी थांबायची नाही. म्हणून त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीच्या डिस्क आणि कॅलिपर पुढच्या चाकांना बसवायचे ठरले. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी ती डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा जबडा तो कॅलिपर. थाळी मोठी, तर पकड मोठी आणि उष्णताही लवकर निघून जाते. एवढं मी आठवडाभरात शिकले होते. काळजी माणसाला काहीही शिकवते.

शनिवारी सकाळी लेक गाडी आणि मला, दोघींनाही शेडमध्ये सोडून कामाला गेली. "आईला बसू द्या आप्पा, घरी राहिली तर फोन करून करून माझा जीव खाईल."

काकू नेमक्या त्या दिवशी बहिणीकडे गेल्या होत्या. एरवी सुटे भाग खोक्यातून काढून, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, असं कापडावर मांडून ठेवायचं काम त्यांचंच. त्या दिवशी आप्पांनी सगळं एकट्याने केलं. जुना भाग सोडवताना गंजलेला बोल्ट हटेना, तर त्याच्याशी बोलत बसले, "ये बाबा, किती मान देऊ तुला?" नव्या डिस्कवरचं तेल फडक्याने पुसलं. मोठा कॅलिपर चाकाच्या आत घासतो का, हे चाक हाताने फिरवून कान लावून पाहिलं. बघत राहावं असं काम.

दुपारी म्हणाले, "ताई, जरा आत बसता? मी 'दाबा' म्हटलं की दाबायचं, 'सोडा' म्हटलं की सोडायचं. मधे विचार करायचा नाही."

मी दाबलं, सोडलं. अर्धा तास. शेवटी आप्पा म्हणाले, "झालं."

मी म्हटलं, "आप्पा, मऊ लागतंय हो. पहिल्यांदा खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं."

ते माझ्या जागी बसले, चप्पल काढली, डोळे मिटले. "दगड आहे दगड. ताई, घाबरलाय तो तुमचा पाय. ब्रेकला काही झालेलं नाही."

आयुष्यभर हेच ऐकत आलेय. मुलीला ताप आला की मी घाबरट, मुलगी उशिरा आली की मी घाबरट, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंही निघतं. मी पर्स उचलली, उतरले. तेवढ्यात पेडलच्या काळ्या रबरावर काहीतरी ओलं चमकलं.

"आप्पा, रक्त."

"कुणाला लागलं?"

"तुम्हालाच."

त्यांनी तळवा वळवून पाहिला. पत्र्याचा एक कपचा चांगला नखभर आत रुतला होता. कधी रुतला, त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी तो चिमट्याने ओढून काढला तेव्हाही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी जखम धुऊन रुमाल बांधत होते आणि ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोरा, डॉक्टर, काकू. शेवटी म्हणाले, "वर्षभर लोक माझ्या पायावर जातायत, आणि पाय जाग्यावर नाही."

"मग आज काकू नव्हत्या तर 'झालं' कसं म्हणालात?" मी विचारलं. आवाज चढला माझा. "माझी मुलगी उतरणार आहे त्या घाटातून."

आप्पा टॉर्च घेऊन चाकापाशी आडवे झाले. मग म्हणाले, "इकडे या ताई. हे बघा." डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता, उजवा डावीकडे. बोल्ट दोन्हीकडे सारखेच बसतात. पण हवा सोडायचा निपल वर असायला हवा तो खाली आला होता. "हवा वर जाते, हे शाळेतलं पोर सांगेल. मी ती खालून काढत बसलोय. काढेन जन्मभर."

काकूंना फोन लावला. आवाज पार माझ्यापर्यंत येत होता. "मी एक दिवस काय गेले! अहो, तुम्हाला काटा टोचलेला कळत नाही, माझं बोलणं मात्र बरोबर टोचतं. हात लावू नका कशाला, आले मी."

पाच वाजता लेक आली तेव्हा दोन्ही चाकं पुन्हा निघालेली होती. मला वाटलं, आप्पा काहीतरी सबब सांगतील. मीसुद्धा कदाचित मान डोलावली असती. पण ते रुमाल बांधलेला पाय पुढे करून उभे राहिले. "पोरी, मी उलटं बसवलं. आणि हा पाय मेलेला आहे, हे तुझ्यापासून लपवलं. गाडी दुसरीकडे न्यायची तर उचलून पाठवायची सोय मी करतो."

लेक चिडली. चिडणारच. "आप्पा, मी तुमच्या 'जा'वर डोळे झाकून निघाले असते."

"म्हणून तर सांगतोय."

"मग आता कोणाच्या पायावर भरवसा ठेवायचा?"

"तुझ्या," आप्पा म्हणाले. "चालवणार तू. तुलाच शिकवतो."

काकू आल्या, भाग मांडले, कॅलिपर आपापल्या बाजूला गेले. या वेळी आत लेक बसली. चार दाबांत तिचा चेहरा बदलला. "आई, आता बघ." मी दाबलं. थोडंसं खाली गेलं आणि भिंतीला टेकल्यासारखं थांबलं.

कॅलिपरच्या जबड्यातले नवे पॅड लगेच नीट पकडत नाहीत, डिस्कवर आधी घासून बसवावे लागतात. गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही गेलो, लेक चालवायला, आप्पा शेजारी, मी मागे. "साठवर जा. आता वीसवर आण. पूर्ण थांबवू नकोस. सोड, गार होऊ दे. परत." दहा वेळा. जळकट वास आला तेव्हा मी दाराचं हँडल धरलं. आप्पा मागे न वळता म्हणाले, "ताई, हा वास चांगला आहे."

"पाय काय म्हणतो?" त्यांनी लेकीला विचारलं.

"सुरुवातीपासून धरतंय. ओढत नाही कुठे."

"मग 'जा' की 'राहू दे'?"

लेकीने उत्तर द्यायला एक वळण घेतलं. "जा."

सोमवारी ती उतरली. मी बरोबर गेले, हट्टाने. तिने एकदाही जोरात ब्रेक दाबला नाही. मी मात्र शेजारी बसून पायाखालच्या रिकाम्या फळीवर इतका दाबला की दोन दिवस पोटरी दुखत होती.

आप्पांनी त्यानंतर किल्ली घेण्याआधीच प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली. हात माझा, पाय हिचा, आणि शेवटचा निकाल तुमचा. जुनी सहासात गिऱ्हाइकं सोडून गेली. एक टॅक्सीवाला तर माझ्यासमोर किल्ली परत घेऊन म्हणाला, "बाईच्या पायावर गाडी पास करता?" काकू म्हणाल्या, "वर्षभर केली, तेव्हा कुठे दुखलं तुम्हाला?" तो गेला तो गेलाच. शेडमध्ये आता बहुतेक वेळा एकच गाडी असते.

परवा आप्पांना मी विचारलं, सांगितल्याचा पश्चात्ताप होतो का? ते चाकाखाली होते. "होतो की," ते म्हणाले. "रोज सकाळी होतो. मग कोणीतरी आत बसतं, दाबतं, आणि मऊ आहे म्हणतं. मग कामाला लागावं लागतं."