पडद्यावर पंचा टाकणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली. खालापूरच्या आमच्या मंडळाने माझा वक्तृत्वाचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढायचे ठरवले होते. धडे माझे, आणि त्यांतल्या सरावाच्या कृती घडवणार वसुधाताई. मोहोपाड्याच्या शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडून त्या हे काम शिकल्या होत्या.

एका कृतीवर मी फार खूश होतो. भाषणाचे विस्कटलेले पाच तुकडे माऊसने ओढून क्रमाने लावायचे, तेही तीस सेकंदांत. वर घड्याळाची पट्टी आटत जाणार, चुकले की तुकडा लाल. ती माझ्या हट्टाखातर तशीच ठेवून आम्ही अभ्यासक्रम पाच-सहा जणांना करून पाहायला दिला. आठवड्याने ताई आल्या.

"ही वेळ काढू या. आणि ओढण्याशिवाय दुसरी वाटही देऊ."

मी उसळलो. "वक्त्याला वेळेचं भान नको? मग त्याच्या हाती माइक कशाला द्यायचा?" पुढे चांगली दहा मिनिटे बोललो.

ताईंनी सगळे ऐकून घेतले. मग पिशवीतून पंचा काढून संगणकाच्या पडद्यावर टाकला, माऊस स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज सुरू केला.

"करा बरं आता. कृती तुमचीच आहे."

मी बटणे दाबत राहिलो. आवाज म्हणत राहिला, "चित्र. चित्र. चित्र." तुकडे मी चित्रे म्हणून दिले होते आणि आत काय लिहिले आहे ते त्या आवाजाला कळायची सोयच नव्हती. मग तो म्हणाला, "वेळ संपली." मैदाने गाजवणाऱ्या वक्त्याला एक तुकडाही जागचा हलवता आला नव्हता.

"करून पाहणाऱ्यांतली शेलूची सविता इथेच अडकलीय," ताई हळूच म्हणाल्या. "सात वेळा."

सविताला दिसत नाही. तिथल्या शाळेने तिला सांगितले होते, प्रमाणपत्र आण, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन तुझे. ते तिचे पहिलेच काम ठरणार होते, आणि ही कृती पार केल्याशिवाय परीक्षाच उघडत नव्हती.

मी आयुष्यभर व्यासपीठावरून समतेवर बोललो. आणि माझ्याच धड्याचे दार एका मुलीच्या तोंडावर बंद झाले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! शिकणाऱ्याला वाट न देता वरून सहानुभूती वाटत फिरणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. त्यांत तेव्हा मीही होतो.

शनिवार-रविवार ताई शेलूला सविताच्या घरी जाऊन बसल्या. मीही मागोमाग गेलो. प्रत्येक तुकड्याला शब्द मिळाले, 'वर' आणि 'खाली' अशी बटणे आली, वेळ गेली. नुसत्या लाल रंगाऐवजी काय चुकले ते वाक्यात सांगितले जाऊ लागले.

"ताई, बटण दाबलं, पण तुकडा कुठं गेला ते सांगतच नाय."

"सांगेल गं. लिहून घेतलं."

"आणि सरांचा धडा लय लांब हाय. टायमर त्यांनाच लावा!"

मी चहाचा कप घेऊन समोरच बसलो होतो. ताईंना हसू आवरेना. सविताने जीभ चावली, पण शब्द काही मागे घेतले नाहीत. तो धडा मी निम्मा केला. सविता परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि संमेलनात तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला.

तेव्हापासून ताईंची प्रत्येक कृती आधी पंच्याखालून जाते. कुणी अडखळले तर त्या म्हणतात, "तुझं नाही चुकलं, आमचं राहिलंय." माझ्या फजितीबद्दल मात्र त्यांनी आजवर कुणापाशी अवाक्षर काढले नाही. ती गोष्ट आज मीच फोडतो आहे.

ताईंच्या साठीच्या समारंभाचे सूत्रसंचालन सविता करणार आहे. तिने मला आधीच बजावले आहे, "सर, तीनच मिनिटं हायत." कबूल. ताई, तुमची पाठ ताठ राहो, डोळे निवांत राहोत, पंचा असाच पिशवीत राहो. आणि आमच्या कृतीवरची घड्याळाची पट्टी तुम्ही काढलीत, तशी तुमच्या आयुष्यावरचीही कुणीतरी काढून टाको.