गोळी मात्र तेवढीच

कर्वेनगरमधल्या वजन कमी करण्याच्या क्लासच्या बाईंनी लग्न ठरलेल्या एका मुलीला आणि नऊ वर्षं मधुमेह असलेल्या मला एकच छापील कागद दिला. लग्न तिचं, शुगर माझी, पण कागद एकच. सकाळी पाण्यात कालवलेली पावडर, रात्री सूप, पोळी-भात बंद. आयटी कंपनीत दिवसभर खुर्चीत बसून आल्यावर घरच्यांचा वेगळा आणि माझा वेगळा स्वयंपाक करायचं त्राणच उरत नसे. बाईंकडूनच विकत घेतलेलं पावडरचं पाकीट फोडणं सोपं होतं.

चौथ्या दिवशी मीटिंगमध्ये हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, समोरची अक्षरं दिसेनात. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने साखर घातलेला चहा पाजला तेव्हा कुठे भानावर आले.

संध्याकाळी माझे डॉक्टर म्हणाले, "खाणं निम्मं केलंत आणि शुगरची गोळी तेवढीच ठेवलीत?"

"क्लासच्या बाईंनी गोळ्यांचं विचारलंच नाही हो."

"त्यांना पावडर विकायची होती. तुम्ही मला का नाही विचारलंत?"

त्यांच्याकडे जायला मला वर्षभर सवड झाली नव्हती. क्लासला मात्र मी पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधीच पोचले होते.