कांगारूच्या पाठीवरचा ओरखडा

मुलांनो, तुम्ही परदेशातून पाठवलेलं, कांगारूचं चित्र असलेलं सोन्याचं नाणं मी त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीतून कधीही बाहेर काढलं नव्हतं. देवघरात ठेवायला त्याला चांदीची डबी करावी, म्हणून मी खामगावच्या सराफ्यात एका कारागिराकडे गेले. त्याचं नाव विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही.

चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोलताना बोटं सतत सदऱ्याला पुसणारा असा तो माणूस. मी माप सांगत होते तोवर त्यानं प्लॅस्टिकची डबी उघडली, नाणं काळ्या कसोटीवर खसकन घासलं आणि दगडावर उमटलेल्या रेघेवर फुंकर मारली. कांगारूची पाठ खरवडली गेली.

"हे काय केलंत? मी पारख करायला सांगितली होती का?"

"रागावता काऊन, आजी? सोनं हातात आलं का हात आपोआप दगडाकडे जाते. खरं हाये. पाठवणाऱ्यानं फसवलं नाही तुमाले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्यावर मी कधी शंका घेतली होती? चांदीची डबी न करवताच मी घरी आले. खरेपणाची ती पावती मला नको होती. मला ती पाठ हवी होती, तुमच्या हातून आली तशी गुळगुळीत.