हनोखची बायको
सिनेगॉगमध्ये हनोखचा अध्याय वाचतात त्या शब्बाथला मला सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधला तो फ्लॅट आणि शोकात खायच्या उकडलेल्या अंड्यांचा वास आठवतो. नवरा जहाजावर वारला होता, त्याच्या नोकरीबरोबर माझा आणि मुलीचा तिथे राहायचा पासही जाणार होता, आणि शोकाचे सात दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणून आम्ही जमिनीवर बसून होतो. ठाण्याहून आलेले धाकटे दीर समजावत होते, “वहिनी, हनोखला देवाने जिवंत वर नेलं. कब्बालावाले गूढवादी सांगतात, त्याचा मेटाट्रॉन देवदूत करून दरबारात लिहायला बसवलं. दादाचंही तसंच समजा.” मी वैतागून विचारलं, “आणि त्याच्या बायकोचं काय झालं, भावजी?” ते म्हणाले, “तोरा ग्रंथात तिचं नावच नाही.” मुलगी म्हणाली, “शी गो फाइंड जॉब लाह, काका.” शोक संपायच्या आत मी तुआसच्या कारखान्यांच्या भागात नोकरीची मुलाखत देऊन आले, नोकरी अजून टिकून आहे, दीर मात्र बोलत नाहीत.