सखारामच्या भिंतीवरचा घोडा

कनेरगावच्या नाक्यावर मला आमच्या गावचा एक गाडीवान भेटला. मी वाशीमहून परतून राहिलो होतो. भादव्यात फौजा चालून आल्या, त्या धामधुमीनं सरहद्दीवरचा हा नाका बंद झाला आणि मी पलीकडंच अडकून पडलो. वाट खुली झाली तशी निघालो. गाडीवानानं बैल थांबवले, पण खाली उतरला न्हाई. म्हणाला, "काका, सखाराम गुरव गेला. दहावं-तेरावंबी झालं." माझ्या काखेत सखारामच्या गोष्टींचं बाड होतं आणि तोंडात त्याला सांगायची खबर होती, की छापखानेवाला तयार झाला. ती खबर मग मी कोणालाच सांगितली न्हाई. गाडीत बसलो आणि गाव येईपर्यंत बैलांच्या शेपट्या पाहत राहिलो...

सखाराम नरसीच्या अलीकडच्या आमच्या गावच्या महादेवाचा पुजारी. आमी दोघं एका वयाचे. मी दुसरी शिकून शाळा सोडली, त्यानं बापाजवळ बसून मोडी आणि बाळबोध दोन्ही घोटलं. पूजा झाली की त्याला काम नसायचं, म्हणून तो गोष्टी रचायचा. देवाधर्माच्या न्हाई. एक विहीर होती, ती रात्री उठून दुसऱ्या गावाला जायची. एक राजा मिठाचा होता, त्याला रडायची मनाई होती. असलं काहीबाही. गावातले शहाणे म्हणायचे, गुरव बेलपानाऐवजी भांग वाहतो वाटतं.

चित्रांचं सुरू झालं ते एका नागपंचमीला. पार्वतीवहिनी, म्हणजे त्याची बायको, ओसरीच्या भिंतीवर गेरूनं नाग काढून राहिली होती. हा बाजूला बसून दाढीवाल्या नागाची गोष्ट सांगू लागला. वहिनी हसता हसता नागाला दाढी काढून मोकळी झाली. सासू ओरडली, "अगं, पुजायचा हाय तो!" पण पुजला तसाच. त्या दिवसापासून सखारामनं कायदा केला, की गोष्ट ऐकणाऱ्यानं आपल्याला काय दिसलं ते भिंतीवर काढायचं, मगच उठायचं. बाया गेरूनं काढायच्या, गडी कोळशानं. एकच राक्षस, पण कोणाचा बारीक, कोणाचा ढोल्या, तेलिणीचा तर हुबेहूब तिच्या दिरासारखा. दिरानं महिनाभर त्या ओसरीवर पाय ठेवला न्हाई.

मी अडून बसायचो. चित्र काढणं हे बायालेकरांचं काम, असं माझं म्हणणं. एकदा सखारामनं उठूच दिलं न्हाई, तेव्हा मी हाताशी होता त्या गेरूनंच राजपुत्राचा घोडा काढला. चांगला भरदार घोडा. सगळी ओसरी हसायला लागली.

"गणपा, लेका, हे म्हसरू हाय."

"घोडा हाय."

"शिंगं कशाला मग?"

"कान हायत ते!"

सखारामनं काय करावं? त्यानं गोष्टच बदलली. राजपुत्र म्हशीवर बसून निघाला, आणि वाटेत प्रत्येक डबक्यात म्हैस बसली म्हणून त्याला राजकन्येकडं पोचायला बारा वर्षं लागली. ती गोष्ट मग सगळ्यांत जास्त चालली. मी मात्र शेवटपर्यंत घोडाच म्हणत राहिलो. पार्वतीवहिनी ताक द्यायला आली की विचारायची, "भावजी, म्हशीचं का घोड्याचं?"

पुढं त्यानं सगळ्या गोष्टी कागदावर उतरवल्या आणि प्रत्येक गोष्टीनंतर एक पान कोरं सोडलं, चित्रासाठी. यंदा तापानं अंथरूण धरलं तेव्हा मला म्हणाला, "तू छापखान्यात जाऊन विचार. पण एक लक्षात ठेव. ऐकणाऱ्याला दिसलं तेच छापायचं. पेंटर आणणार असतील तर छापूच नको." वाशीमच्या छापखानेवाल्यानं पानं चाळली आणि विचारलं, "राजपुत्र म्हशीवर? चुकून पडलं वाटतं. घोडा करू या." मी म्हणालो, "हात लावू नका. भिंत पाहिल्यावर समजंल." माणूस भला होता. म्हणाला, "वाट खुली झाली की माझा माणूस पाठवतो, तो भिंतीवरून जशीच्या तशी उतरवून घेईल."

गाडीतून उतरून तसाच सखारामच्या ओसरीवर गेलो. भिंत पांढरीशुभ्र होती.

आमच्याकडं सुतक फिटलं की घर पोतारतात. पांढरी माती भिजवून सगळ्या भिंतींवर हात फिरवायचा, गेलेल्या माणसाला वाट मोकळी करून द्यायची. वहिनीनं सासऱ्याच्या वेळी केलं, सासूच्या वेळी केलं. नवऱ्यासाठी तर नदीच्या पल्याडची चांगली माती आणवली होती. "काई ठेवलं न्हाई भावजी, कोपरान् कोपरा पोतारला," असं ती मला सांगत होती, आणि सांगता सांगताच तिचं लक्ष माझ्या काखेतल्या बाडाकडं गेलं. मग ती खाली बसली.

आमी हरलो असं मी लगेच म्हटलं न्हाई. गाव गोळा केलं, गेरू कालवला, ज्यानं जे काढलं होतं ते पुन्हा काढा म्हटलं. तेलीण भिंतीसमोर उभी राहिली आणि तशीच मागं फिरली. "कोणी सांगितल्याबिगर दिसतच न्हाई, काका." मी बाडातली गोष्ट वाचून दाखवली. अडखळत वाचली, पण वाचली. तरी कोणाचा हात उठला न्हाई. भिंत गेल्याचं कळवल्यावर छापखानेवाल्याचा निरोप आला, की आमचा पेंटर काढून देईल. मी न्हाई म्हणून कळवलं. बाड माझ्या घरी हाय. कोरी पानं कोरीच हायत. आता ते पुस्तक व्हायचं न्हाई.

परवा वहिनीकडं गेलो होतो. अंगणात सडा टाकताना तिनं हातातलं पाणी भिंतीवर मारलं. ओली झाली की पोतारा पातळ होतो आणि खालचा गेरू वर दिसतो. रोज मारते म्हणे. रोज थोडी माती खाली ओघळते, पांढरी आणि लाल दोन्ही. आकार काही उमजत न्हाई, नुसती लाली. तिनं खांबाजवळच्या एका डागावर बोट ठेवलं.

"भावजी, हे तुमचं म्हसरू का?"

मी पाहिलं. मला काहीच दिसलं न्हाई...

"व्हय वहिनी," मी म्हणालो, "म्हसरूच हाय."

ती हसली न्हाई. भिंत वाळेपर्यंत आमी दोघं तिथंच बसून राहिलो.