बुधवारचा उपास

आमच्या पोलादपूरच्या मामांइतके उपास कुठल्या साधूनेही केले नसतील, आणि तेही एकाही देवाला न कळवता. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी त्यांचं दोन खोल्यांचं घर. घरात माणसं दोन आणि भाकऱ्याही मोजक्याच; पण रस्त्याने कोणी अनोळखी, दमलेला माणूस दिसला की मामा त्याला हाताला धरून ओट्यावर आणत, स्वतःचं ताट पुढे सरकवत आणि भाविक चेहरा करून म्हणत, "जेवा तुमी. माजा उपास हाय." सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा; पाहुणा येईल त्या वाराला मामांचा देव तयार. एकदा मेंढरं घेऊन निघालेला एक धनगर नेमका बुधवारी आला आणि मामी उखडल्या. "अवो, बुधवारी कुठल्या देवाचा उपास?" मामा शांतपणे म्हणाले, "हाय एक. तुज्या म्हायेरी नाय तो."

दोन वर्षांपूर्वी घाटात दरड कोसळली आणि एक एसटी मामांच्या दारात अडकून पडली. मी तिथेच होतो. चाळीसेक माणसं, भुकेने रडवेली लेकरं, आणि मामींच्या टोपात दोघांपुरता भात. इतक्यांना एकट्याचा उपास कसा पुरणार! मामांचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. ते तडक वाडीत गेले आणि परतले ते मिरवणूक घेऊनच. कोणी भात आणला, कोणी वालाची उसळ, कोणी नाचणीच्या भाकऱ्या, आणि जो तो भांडं ठेवून म्हणे, "आमचा आज उपास हाय!" अख्खी वाडी मामांनी बिघडवली होती. एसटीमागे पावाचा टेम्पो घेऊन तुडील गावचे एक चाचा अडकले होते. त्यांनी सगळे पाव उतरवले, पण पंगतीला बसेनात. "माझा रोजा हाय."

"रमजान तर कवाच झाला!" मामांनी चोर पकडला.

"सुटलेला भरून काढतोय, मामा."

मामा आयुष्यात प्रथमच हरले, आणि चाचांना मिठी मारून इतके हसले की एसटीतली लेकरंही हसू लागली. शेवटचा माणूस ढेकर देऊन उठला तेव्हा एकच भाकरी उरली होती. मामा आणि चाचा ती एकमेकांकडे सरकवत बसले, तेव्हा मामींनी ती मोडून दोघांच्या हातात कोंबली.

परवा मामांना भेटायला गेलो. आता अंथरूण धरलंय. मामींनी पेजेची वाटी दिली, ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. "तू घे रे. लांबून आलास."

मी वाटी परत त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "मामा, आज बुधवार. माझा उपास आहे."

"खोटारडा हायस," मामा हळूच म्हणाले, आणि वाटी तोंडाला लावली.